मोसमच्या दोन काठांचे सामान्य ज्ञान

पवित्र रमजान महिन्यात मालेगाव रात्रीचा दिवस करते. तरावीहची नमाज संपली की किदवाई रोड, मुशावरत चौक आणि आसपासच्या गल्ल्या पुन्हा गजबजतात. चहाच्या हॉटेलांत बसायला जागा मिळत नाही. या गर्दीत एखाद्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती दोन-चार तरुण पुस्तक उघडून बसलेले हमखास दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी तलाठी परीक्षेची, कुणी राज्यसेवेची. एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. सहेरीपर्यंतचा वेळ असा सत्कारणी लागतो.

या मुलांच्या दृष्टीने सामान्य ज्ञान म्हणजे गंमत नव्हे, भाकरीचा प्रश्न. यंत्रमागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या बापाला वाटते, पोराने खुर्चीवरची नोकरी करावी. त्या खुर्चीची वाट याच प्रश्नांमधून जाते. पण सामान्य ज्ञानाचे काम परीक्षेच्या गुणांवर संपत नाही. आपल्या शरीराला काय झेपते, मोबाइलवर आलेला निरोप खरा की खोटा, नदीपलीकडचा शेजारी कोणता सण का साजरा करतो, हेही सामान्य ज्ञानच आहे. ते कमी पडले तर गुण जातात, कधी तब्येत जाते, तर कधी माणसाचा जीवही जातो. रमजानच्या निमित्ताने भूगोल, आरोग्य, भाषा, खाद्यपदार्थ आणि बातम्या या पाच विषयांतली काही माहिती येथे देत आहोत.

एक जिल्हा, दोन समुद्र

परीक्षेत हमखास येणारा प्रश्न आहे : गिरणा ही कोणत्या नदीची उपनदी? उत्तर : तापी. मालेगाव शहराच्या मधून वाहणारी मोसम गिरणेला मिळते, गिरणा तापीला आणि तापी सुरतजवळ अरबी समुद्राला. उलट याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी नाशिक शहरातून पूर्वेकडे जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. जिल्हा एक, जिल्हाधिकारी एक, पण नाशिकचे पाणी एका समुद्रात आणि मालेगावचे दुसऱ्या समुद्रात!

मोसमचे पाणी अखेर ज्या सुरतेच्या किनाऱ्याला पोहोचते, तेथूनच मोगल काळात हज यात्रेची जहाजे सुटत. म्हणून सुरतेला ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचे दार, म्हटले जाई. मालेगावच्या मोसम पुलावरून रोज हजारो लोक ये-जा करतात. एका काठावर बहुतांश उर्दू बोलणारी वस्ती, दुसऱ्या काठावर बहुतांश मराठी बोलणारी. खाली वाहणारे पाणी मात्र दोन्ही काठांना सारखेच भिजवत पुढे जाते.

शहराचा इतिहासही असाच मिसळलेला आहे. येथील भुईकोट किल्ला नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४० च्या सुमारास बांधायला घेतला. नाशिकच्या गोदाकाठावरचे, मोठ्या घंटेसाठी प्रसिद्ध असलेले नारोशंकराचे मंदिर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पेशव्यांच्या या सरदाराच्या किल्ल्याचे १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध रक्षण केले ते अरब शिबंदीने. पेशवाई बुडाली होती, तरी या शिबंदीने जवळपास महिनाभर किल्ला लढवला. पुढे १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून विणकर कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. त्यांनी हातमागावर विणलेली रंगीत लुगडी महाराष्ट्रातल्या बायाबापड्यांनी वर्षानुवर्षे नेसली. विणणारा उर्दू बोलणारा, नेसणारी मराठी बोलणारी. हा ताना-बाना जुना आहे.

सूर्य उशिरा का मावळतो?

मोबाइलवर मुंबईचे इफ्तारचे वेळापत्रक येते आणि काही जण त्यावरच विसंबतात. येथे भूगोलाचा साधा हिशेब उपयोगी पडतो. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते. मालेगाव साधारण ७४.५ अंशांवर आहे. फरक आठ अंशांचा, म्हणजे बत्तीस मिनिटांचा. म्हणूनच मालेगावात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा नव्हे, साधारण साडेबारा वाजलेले असतात.

हाच हिशेब इफ्तारला लावला तर काय दिसते? मार्चच्या उत्तरार्धात, दिवस आणि रात्र जवळपास समान असतात तेव्हा, मालेगावचा सूर्य मुंबईच्या आधी सहा-सात मिनिटे मावळतो. नागपुरात मालेगावच्या आधी सुमारे अठरा मिनिटे आणि कोलकात्यात तर जवळपास पंचावन्न मिनिटे आधी सूर्यास्त होतो. कोलकात्यातले लोक इफ्तार करून मगरिबची नमाज पढून मोकळे होतात, तेव्हा मालेगावातला रोजेदार अजून सूर्यास्ताची वाट पाहत असतो. सहेरीच्या वेळी मात्र कोलकातेकरांना तेवढेच लवकर थांबावे लागते. वेळापत्रक आपल्याच गावाचे वापरावे, असे वडीलधारी माणसे सांगतात त्यामागे हे कारण आहे.

मालेगावच्या अक्षांशावर सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वात लहान दिवस अकरा तासांच्या आतबाहेर असतो. रोजा सूर्योदयापासून नव्हे, तर त्याच्या सव्वा ते दीड तास आधी, पहाट फुटते तेव्हापासून सुरू होतो. म्हणून येथे उन्हाळ्यातला रोजा साडेचौदा तासांच्या पुढे जातो आणि हिवाळ्यातला सव्वाबारा-साडेबारा तासांत आटोपतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात मेच्या अखेरीपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. अशा ठिकाणचे मुस्लिम मक्केच्या किंवा दिवस-रात्र नीट होणाऱ्या जवळच्या शहराच्या वेळेनुसार रोजा धरतात.

पाडवा आणि ईद एकापाठोपाठ का?

‘रमजान दरवर्षी पुढे-मागे का होतो?’ हा प्रश्न मराठी मित्र नेहमी विचारतात. हिजरी वर्ष चंद्राचे. बारा चांद्रमास मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. इंग्रजी वर्षापेक्षा ते दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढे दिवस आधी येतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१६ मध्ये तो जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला होता, २०२५ मध्ये मार्चच्या सुरुवातीला. २०३० या वर्षात तर तो दोनदा सुरू होईल, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा.

मराठी महिनेही चंद्राचेच असतात. मग दिवाळी पावसाळ्यात का जात नाही? कारण पंचांगात साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून सूर्याशी मेळ बसवला जातो. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. एवढाच काय तो फरक. बाकी चंद्र दोघांचा एकच. भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी ‘चंद्रदर्शन’ असे छापलेले असते. रमजानचा आणि ईदचा चाँद तो हाच.

याचा एक सुंदर परिणाम अलीकडे सगळ्यांनी पाहिला, पण थोड्यांनीच त्याचे कारण शोधले. २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षे रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आल्या : १४ मे, ३ मे आणि २२ एप्रिल. त्यानंतर २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ईद एक मराठी महिना मागे सरकली. २०२४ मध्ये ९ एप्रिलला गुढीपाडवा झाला आणि ११ ला ईद. २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा आणि ३१ ला ईद. २०२६ मधल्या अधिक ज्येष्ठानंतर ही जोडी सुटते आणि ईद फाल्गुनात जाते. ज्याला अधिक महिना समजला, त्याला हे कोडे सुटले. शुक्ल पक्षाच्या पहिल्या दोन-तीन तिथींना जे जे मराठी सण येतात, त्या सगळ्यांना ईद आळीपाळीने भेटून जाते.

आता चाँदचा नेहमीचा वाद. सौदी अरेबियात चाँद दिसला, मग मालेगावात का नाही? मक्का मालेगावच्या पश्चिमेला सुमारे पस्तीस अंशांवर आहे. तेथे सूर्य आपल्यानंतर जवळपास सव्वादोन तासांनी मावळतो. तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी सुमारे एक अंश दूर सरकतो. कोवळ्या कोरीसाठी हा एक अंश निर्णायक ठरू शकतो. जी कोर आपल्याकडे सूर्याच्या तेजात दिसत नाही, ती पश्चिमेकडे दिसण्याची शक्यता त्यामुळे वाढते. त्यातच काही देश खगोलगणित जमेस धरतात आणि आपल्याकडे डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीवर भर असतो. म्हणून भारतातला रमजान बहुधा एक दिवस नंतर सुरू होतो. यात कुणी चूक आणि कुणी बरोबर असा प्रश्न नाही.

खजूर, पाणी आणि साखर

रमजान हा शब्दच कडक तापण्याच्या अर्थाच्या अरबी धातूवरून आला आहे. मालेगावकरांना तो अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. मेमध्ये येथे पारा ४३-४४ अंशांवर जाणे नवलाचे नाही. पत्र्याच्या छताखाली, यंत्रमागांच्या खडखडाटात उभ्या असलेल्या रोजेदार कामगाराच्या शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. इफ्तारला एकदम दोन-तीन तांबे पाणी पिऊन ही तूट भरत नाही. इफ्तार ते सहेरी या वेळात थोडेथोडे पाणी पीत राहणे हा खरा उपाय. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, म्हणून ते इफ्तारच्या ताटात शोभेसाठी नाही. लघवीचा रंग गडद पिवळा दिसू लागला की पाणी कमी पडते आहे, असे समजावे. सहेरीला खारट लोणची, पापड आणि कपावर कप चहा टाळला तर दुपारची तहान बरीच आटोक्यात राहते.

खजुराने रोजा सोडण्याची परंपरा आहे. खजुराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग साखरेचा असतो आणि ती ग्लुकोज व फ्रुक्टोजच्या रूपात असल्याने लवकर रक्तात उतरते. दिवसभर रिकाम्या असलेल्या शरीराला दोन-तीन खजूर पुरेसे असतात. सोबत पोटॅशियम आणि तंतूही मिळतात. मात्र जी गोष्ट निरोगी माणसाला तरतरी देते, तीच मधुमेही माणसाने मोजून खाल्ली पाहिजे.

येथे विषय गंभीर होतो. २००१ मध्ये तेरा देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली होती. ‘एपिडायर’ या नावाने ती ओळखली जाते. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के लोकांनी महिन्यात किमान पंधरा रोजे धरले होते. रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊन रुग्णालय गाठण्याची वेळ इतर महिन्यांच्या तुलनेत या गटात साडेसात पटींनी अधिक आली. इन्सुलिनवर जगणाऱ्या टाइप १ रुग्णांत ती पावणेपाच पटींच्या घरात होती.

म्हणून प्रत्येक रोजेदार मधुमेहीला दोन आकडे तोंडपाठ हवेत : ७० आणि ३००. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तेथेच सोडावा, असे मधुमेह आणि रमजान या विषयावरची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, बोलताना गोंधळणे ही साखर उतरल्याची लक्षणे. ‘इफ्तारला अर्धाच तास उरला आहे, तेवढे काढू’ हा विचार जिवावर बेतू शकतो. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा आणि डॉक्टर दोघेही सांगतात. अनेक जण हे माहीत नसल्यामुळेच दिवसा साखर तपासत नाहीत. आजारी आणि प्रवासी माणसाला कुरआनने सूट दिली आहे. ते रोजे नंतर धरता येतात आणि कायमच्या आजारात गरिबाला जेवण देऊन फिदिया देता येतो. सवलत घेणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे. औषधांच्या वेळा मात्र मनाने बदलू नयेत. रमजान सुरू होण्याच्या महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांना विचारावे.

रोजा, रोजगार आणि जकात

भाषेची गंमत पाहा. ‘रोजा’ हा शब्द फारसीतल्या ‘रोज’ म्हणजे दिवस या शब्दापासून आला. कुरआनातला अरबी शब्द ‘सौम’ आहे. मराठी माणूस ‘दररोज’ म्हणतो, ‘रोजनिशी’ लिहितो, ‘रोजंदारी’वर जातो आणि ‘रोजगार’ शोधतो. या सगळ्यांत तोच ‘रोज’ आहे. सकाळचा ‘नाश्ता’ हाही फारसीच. त्याचा मूळ अर्थ ज्याने काही खाल्लेले नाही असा, म्हणजे उपाशीपोटी! पुढे उपाशीपोटी खाण्याच्या पदार्थालाच नाश्ता म्हणू लागले.

सर्वात मोठा गोंधळ ‘जकात’ या शब्दाचा. मराठी वाचकाला जकात म्हटले की जकात नाका आठवतो, शहरात येणाऱ्या मालावरचा कर. मुस्लिमाला जकात म्हटले की वर्षभराच्या शिलकीतला गरिबांचा वाटा आठवतो. शब्द एकच. सरकारी वसुलीच्या अर्थाने तो मराठीत रुळला. धर्मातली जकात अडीच टक्के असते. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी, या मर्यादेइतकी शिल्लक एक चांद्रवर्ष जवळ असेल तर ती देणे बंधनकारक ठरते. लाख रुपयांवर अडीच हजार, असा साधा हिशेब. विधवा, अनाथ, कर्जबाजारी आणि गरीब विद्यार्थी यांच्यापर्यंत हा पैसा पोहोचतो. याशिवाय ईदच्या नमाजआधी द्यायचा तो फितरा. ईदच्या दिवशी गरिबाची चूलही पेटावी, हा त्यामागचा हेतू.

या दोन भाषांमधले पूल जुन्या माणसांनी मेहनतीने बांधले. माधव जूलियन या नावाने कविता लिहिणारे माधवराव पटवर्धन हे फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ तयार केला आणि मराठीत गझल रुजवली. त्यांचा ‘गज्जलांजलि’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला आणि वारकरी परंपरेने त्यांना संत मानले. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरात भरले. ही नावे स्पर्धा परीक्षेतही विचारली जाऊ शकतात आणि घरात मुलांनाही सांगता येतात.

रमजानच्या निमित्ताने वाचावी अशी एक गोष्ट म्हणजे प्रेमचंदांची ‘ईदगाह’, १९३३ साली प्रसिद्ध झालेली. लहानगा हामिद जत्रेत तीन पैसे घेऊन जातो आणि खेळणी, मिठाई सोडून दादीसाठी चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना तिचे हात पोळतात. प्रेमचंद आधी उर्दूत लिहीत. त्यांचे खरे नाव धनपतराय. ‘सोजे वतन’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला होता.

आता पुन्हा त्या हॉटेलातल्या मुलांकडे येऊ. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा उर्दूत किंवा मराठीत लिहिता येते. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र हिंदी आणि इंग्रजीत असते. राज्याच्या परीक्षा मराठी आणि इंग्रजीत होतात आणि पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरणाला वेगळे गुण असतात. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलाला गिरणा तापीला मिळते हे पक्के माहीत असते, पण ‘उपनदी’ या शब्दापाशी तो क्षणभर अडतो. ज्ञान कमी नसते, शब्द कमी पडतो आणि त्या एका क्षणात गुण जातो. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. परंतु सक्तीने विषय येतो, सवय येत नाही. घरात रोज एक मराठी वर्तमानपत्र आले आणि मुलाने त्यातली एक बातमी मोठ्याने वाचली, तर दोन वर्षांत फरक दिसतो. तसेच नदीपलीकडच्या मुलाने उर्दू लिपी शिकायची ठरवली तर त्याच्यासाठीही एक नवे दालन उघडते.

ताटातला नकाशा

इफ्तारचे ताट म्हणजे जगाचा नकाशाच. समोसा इराणच्या बाजूने आला, फारसीत त्याला ‘संबोसग’ म्हणत. जिलेबीचे मूळ अरबी ‘जलाबिया’. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो असे मानांकन मिळवणारा देशातला पहिला मांसाहारी पदार्थ. खजूर पिकवण्यात इजिप्त जगात पुढे आहे. आपल्याकडे कच्छच्या खारकेला २०२४ मध्ये मानांकन मिळाले. ताटातले डाळिंब मात्र दुरून येत नाही. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातल्या शेतकऱ्याने ते पिकवलेले असते. भजीतला कांदा लासलगाव बाजाराच्या वाटेवरचा. रोजेदाराचे ताट आणि शेतकऱ्याचा हंगाम यांचे नाते असे थेट आहे.

लाल सरबताची गोष्टही मजेशीर आहे. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये दिल्लीत ‘हमदर्द’ दवाखाना सुरू केला. उन्हाळ्याच्या त्रासावर उतारा म्हणून तेथेच ‘रूह अफजा’ तयार झाले. फाळणीनंतर एक मुलगा दिल्लीत राहिला, दुसऱ्याने पाकिस्तानात हमदर्द उभारले. २०१९ च्या रमजानमध्ये भारतात या सरबताचा तुटवडा झाला, तेव्हा वाघा सीमेवरून ट्रक पाठवण्याची तयारी पाकिस्तानातल्या हमदर्दने दाखवल्याची बातमी गाजली होती. औषध म्हणून जन्मलेल्या या सरबतात साखर भरपूर असते, हे मधुमेहींनी विसरू नये.

आणि ईदचा शिरखुर्मा! फारसीत ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. या ‘शीर’चे संस्कृत ‘क्षीर’शी सख्खे नाते आहे आणि आपली ‘खीर’ही ‘क्षीर’पासूनच आली. म्हणजे एका काठावरची खीर आणि दुसऱ्या काठावरचा शिरखुर्मा हे एकाच घरातले.

बातमी आणि अफवा

बाहेरच्या वाचकाला मालेगाव ठाऊक असते ते बहुधा २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांच्या बातम्यांमुळे. २००८ चा स्फोट तर रमजानमध्येच, २९ सप्टेंबरला झाला होता. फार तर येथल्या हौशी सिनेमांची आठवण निघते. २०२० च्या रमजानमध्ये टाळेबंदी होती. मशिदी बंद होत्या, तरावीह घराघरांत पढली गेली. त्या काळात मालेगावच्या युनानी काढ्याची चर्चा राज्यभर झाली. पण चर्चा होणे आणि औषध सिद्ध होणे यात फरक आहे. हा फरक ओळखणे हेच बातमी वाचण्याचे पहिले सामान्य ज्ञान.

तो फरक ओळखला नाही तर काय होते, हे या भागाने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. त्याच रात्री मालेगावातही अशाच अफवेवरून एका कुटुंबाला जमावाने घेरले. पण येथे काही रहिवाशांनी त्यांना घरात आसरा दिला, जमावाला रोखून धरले, पोलीस पोहोचले आणि जीव वाचले. दोन्हीकडे अफवा तीच होती. मालेगावात कुणीतरी थांबून विचार केला.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये सांगितले आहे की, कुणी बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अज्ञानातून कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. हदीसच्या अभ्यासकांनी तर कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी तपासण्याचे शास्त्रच उभे केले. रोजा फक्त पोटाचा नसतो, जिभेचा आणि कानांचाही असतो, असे मानतात. आजच्या काळात त्यात अंगठ्याचीही भर घालायला हवी. निरोप पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी सांगितले? केव्हाचे आहे? दुसऱ्या कुठल्या वर्तमानपत्रात आले आहे का? उत्तर मिळाले नाही तर निरोप तेथेच थांबवावा.

हेही माहीत असू द्या

• हिजरी सनाची सुरुवात इ. स. ६२२ मधल्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मक्केहून मदिनेच्या हिजरतीपासून मानतात. रमजान हा त्यातला नववा महिना.

• हिजरी महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो, ३१ चा कधीच नाही.

• हिजरी दिवस मध्यरात्री नव्हे, सूर्यास्ताला बदलतो. म्हणून चाँद दिसला त्याच रात्री पहिली तरावीह होते.

• मालेगावच्या यंत्रमागांची साप्ताहिक सुटी रविवारी नसते, शुक्रवारी असते.

• महाराष्ट्रातली एकाच जिल्ह्यातली दोन शहरे, पण त्यांच्या नद्या दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात : नाशिक आणि मालेगाव.

ईदच्या दिवशी मोसम पूल ओलांडून अनेक मराठी कुटुंबे मुस्लिम मित्रांच्या घरी येतात. शिरखुर्म्याच्या वाट्या फिरतात, गप्पा होतात आणि बहुतेक वेळा त्या हवापाण्यावर संपतात. या वेळी लहान मुलांना एकमेकांना प्रश्न विचारू द्यावेत. जकात म्हणजे काय, अधिक महिना का येतो, गुढीला कडुनिंब का बांधतात, चाँद आधी सौदीत का दिसतो. एखादे उत्तर मोठ्यांनाही आले नाही, तर दोघांनी मिळून पुस्तक उघडावे. सर्वांना रमजानच्या शुभेच्छा.